तारखांचा हिशेब: तालुका न्यायालयाचं काम मोजताना

दर महिनाअखेरीस तालुका न्यायालयातून जिल्ह्याला विवरणपत्र जातं. प्रत्येक प्रकारासमोर चार आकडे असतात: आरंभीची शिल्लक, महिन्यात दाखल, महिन्यात निकाली, अखेरची शिल्लक. न्यायालयाचं काम मोजायचं म्हटलं की सगळ्यांची नजर आधी या चार रकान्यांवर जाते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात अशा तालुक्याच्या कोर्टात ही मोजणी करताना आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पायऱ्या कोणत्या, कुठे चुकतं आणि का, ते इथे लिहितो आहोत. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोर्ट कसं चाललंय हे तारखा मोजल्यावर कळतं. निकाली फायलींची संख्या त्यातला फार थोडा भाग सांगते.

आधी ते चार आकडेच बघू. हिशेब कळावा म्हणून सोपी संख्या घेतो. समजा महिन्यात १०० प्रकरणं दाखल झाली आणि १०८ निकाली निघाली, तर निपटारा दर १०८ टक्के. शंभराच्या वर म्हणजे शिल्लक कमी झाली, सगळं छान. आता तेच आकडे फोडून बघा. संक्षिप्त फौजदारी खटले ७० दाखल, ८५ निकाली. त्यातले बरेचसे गुन्हा कबूल करून दंड भरण्याचे, एका बैठकीत संपणारे. नियमित दिवाणी दावे ३० दाखल, २३ निकाली, म्हणजे ७७ टक्के. दाव्यांची शिल्लक महिन्यागणिक वाढते आहे आणि एकूण बेरजेत ते दिसतच नाही. म्हणून निपटारा दर नेहमी प्रकारवार काढायचा: दावे, दरखास्ती (म्हणजे मिळालेल्या निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज), किरकोळ अर्ज, नियमित फौजदारी, संक्षिप्त फौजदारी, धनादेश अनादराची प्रकरणं, कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज. धनादेशाची प्रकरणं संक्षिप्त फौजदारीत मिसळू देऊ नका. त्यांचं दुखणं वेगळं आहे.

दुसरं सूत्र युरोपातल्या न्यायव्यवस्थांची तुलना करताना वापरतात: शिल्लक भागिले वर्षभरातली निकाली संख्या, गुणिले ३६५. १,२०० दावे शिल्लक आणि वर्षाला ३०० निकाली, तर उत्तर १,४६० दिवस, म्हणजे चार वर्षं. हा कुठल्याही एका पक्षकाराचा प्रतीक्षाकाळ नव्हे. याच वेगाने सगळी शिल्लक संपवायला किती दिवस लागतील, एवढंच ते सांगतं. त्या ३०० मध्ये तडजोड झालेले, मागे घेतलेले, वादी गैरहजर म्हणून काढून टाकलेले किती आणि पुरावा-युक्तिवाद होऊन निकाल लागलेले किती, हे वेगळं काढलं तर लढवलेल्या दाव्याचा खरा वेग कळतो. तो बहुतेक वेळा फार कमी निघतो.

अमेरिकेत नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स या संस्थेने २००५ मध्ये कोर्टांसाठी दहा मापं ठरवली. निपटारा दर त्यातलं फक्त एक. बाकीच्यांत निकालाला लागलेला काळ, शिल्लक प्रकरणांचं वय, ठरलेल्या तारखेला सुनावणी खरोखर होते का, फाइल वेळेवर आणि पूर्ण सापडते का, आणि कोर्टात आलेल्या माणसाला काय वाटलं, हेही येतं. आपल्याकडे यातल्या बहुतेक मापांसाठी लागणारी माहिती रोजनाम्यात, म्हणजे फायलीतल्या तारीखवार नोंदींत, आधीपासूनच लिहिलेली असते. ती कुणी एकत्र करत नाही, एवढंच.

फायली खरोखर आहेत का

मोजणीची पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि तिला फाटा दिला तर पुढचं सगळं वाया जातं. ती म्हणजे प्रत्यक्ष पडताळणी. प्रकरणांची नोंद ठेवायला कोर्टांत वापरली जाणारी सीआयएस ही संगणक प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झाली. त्यात भरलेली माहिती राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जाते आणि सप्टेंबर २०१५ पासून ती कुणालाही पाहता येते. पण ग्रिडवर दिसतं ते टेबलावरच्या लिपिकाने भरलेलं. रॅकमध्ये वेगळं काही असू शकतं.

एक तारीख पक्की करायची, शक्यतो महिनाअखेर. त्या दिवशीची प्रलंबित यादी प्रकारवार छापून घ्यायची. दोघांची जोडी: एक जण फाइल उचलून नंबर वाचतो, दुसरा यादीवर खूण करतो. ज्या टेबलाच्या फायली आहेत तिथला लिपिक एकटा कधीच नको. त्याला फाइल कुठे असणार हे पाठ असतं आणि तो न बघताच खूण करून जातो. यादीत आहे पण रॅकमध्ये नाही, आणि रॅकमध्ये आहे पण यादीत नाही, अशा दोन वेगळ्या वह्या करायच्या.

पहिल्या वहीतल्या फायली बहुधा सापडतात. मूळ रेकॉर्ड अपिलात वर गेलेलं असतं, फाइल नक्कल विभागात पडलेली असते, एकत्र चालवायच्या दुसऱ्या दाव्याच्या गठ्ठ्यात बांधलेली असते, किंवा निकाल होऊनही संगणकावर निकाली दाखवलेली नसते. शेवटचा प्रकार किरकोळ अर्जांत फार. मूळ दावा संपतो, त्यातले अर्ज तसेच जिवंत राहतात. दुसऱ्या वहीतल्या फायली जास्त काळजीच्या. त्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, येतच नाहीत, कारण त्यांना पुढची तारीखच नाही. न्यायाधीश रजेवर असताना किंवा बदलीच्या गडबडीत एकदा तारीख पडायची राहिली की फाइल नजरेआड जाते. पक्षकाराने चौकशी केली तरच ती उठते, आणि तो तर तारीख मोबाइलवर येईल म्हणून घरी वाट बघत असतो.

याच फेरीत टप्पा दुरुस्त करायचा. संगणकात तारीख रोज बदलते, टप्पा मात्र महिनोन्‌महिने तोच राहतो. तारीख भरल्याशिवाय काम पुढे जात नाही. टप्पा तसाच ठेवला तरी जातं. त्यामुळे कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) येऊन वर्ष झालं तरी फाइल ‘समन्स’वर दिसते, आणि मुद्दे (कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न) काढलेले नसताना ‘पुरावा’ असं लिहिलेलं असतं. रोजनाम्यातल्या शेवटच्या तीन नोंदी वाचून टप्पा ठरवायचा. सरावाने एका फाइलला दोन मिनिटं पुरतात.

वय मोजताना एक चूक सर्रास होते. नवीन कोर्ट सुरू झालं की हद्दीतली प्रकरणं तिकडे वर्ग होतात आणि त्यांना नवा नंबर पडतो. त्या नंबराच्या वर्षावरून वय मोजलं तर पंधरा वर्षांचा दावा एका रात्रीत तान्हा होतो. वय नेहमी मूळ दाखल तारखेपासून धरायचं. फेरचौकशीसाठी परत आलेल्या दाव्यालाही हेच लागू. आणि सरासरीवर विसंबू नका. पाच दाव्यांची वयं २, २, ३, ४ आणि २९ वर्षं असतील तर सरासरी ८ येते आणि त्या पाचांतला एकही दावा ८ वर्षांच्या आसपासचा नसतो. वयानुसार ओळ लावून मधली फाइल बघायची, ती ३ वर्षांची आहे. मग शंभरातली नव्वदावी बघायची. मधली फाइल नेहमीच्या पक्षकाराचं सांगते, नव्वदावी अडकलेल्या पक्षकाराचं.

रोजनामा वाचणं

खरी मोजणी इथून सुरू होते. पाच वर्षांपुढच्या दाव्यांपैकी दर दहावी फाइल काढायची. निवड करायची नाही. निवड केली की सोप्या फायली हाताला लागतात. प्रत्येक फाइलसाठी एक तक्ता: तारीख, त्या दिवशी काय नेमलं होतं, काय झालं, कुणामुळे पुढे गेली, पुढची तारीख किती दिवसांनी पडली. ‘काय झालं’साठी ठरावीक खुणा ठेवायच्या, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या शब्दांत लिहितो आणि बेरीज होत नाही. आम्ही दहा खुणा ठेवल्या: नेमलेलं काम झालं, वादीची मुदत, प्रतिवादीची मुदत, बजावणी नाही, साक्षीदार नाही, बाहेरचा अहवाल आला नाही, वरच्या कोर्टाची स्थगिती, न्यायाधीश उपलब्ध नाहीत, वेळेअभावी, वकिलांचं काम बंद.

वाटपाच्या दाव्यांचे रोजनामे एकापाठोपाठ एक वाचले की जवळजवळ तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो. निशाणी म्हणजे फायलीतल्या कागदाचा क्रमांक: निशाणी १ म्हणजे दावा, निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. सात प्रतिवादी. चौघांना समन्स लागतं, दोघे मुंबईला, एकीचं लग्न होऊन गाव बदललेलं. समन्स पोचवणारा बेलीफ लिहितो, ‘घर बंद, शेजारी म्हणाले मुंबईस असतात’. पुन्हा समन्स. वादीने भत्ता, म्हणजे बजावणीचा खर्च, भरलेला नाही. पुन्हा तारीख. मधल्या काळात निशाणी ५ वर युक्तिवाद, आदेश, त्यावर जिल्हा न्यायालयात अपील, मूळ रेकॉर्ड वर. ते परत येईपर्यंत प्रतिवादी क्रमांक ३ मयत. वारस लावण्याचा अर्ज, उशीर माफीचा अर्ज, त्यावर म्हणणं, मग वारसांना समन्स. पुन्हा बेलीफ, पुन्हा मुंबई. मुद्दे निघतात. सरतपासणीचं, म्हणजे साक्षीदाराच्या मूळ साक्षीचं, शपथपत्र येतं आणि त्याच दिवशी उलटतपासणीसाठी मुदत मागितली जाते. मग कोर्टामार्फत जमीन मोजून घेण्याचा, म्हणजे मोजणीचा कमिशन अर्ज. भूमी अभिलेखकडे पत्र. ‘अहवाल प्राप्त नाही’, ‘अहवाल प्राप्त नाही’, ‘अहवाल प्राप्त नाही’.

अशा तक्त्यात ‘नेमलेलं काम झालं’ या खुणांना एकूण तारखांनी भागायचं. समजा ४८ तारखांपैकी ११ दिवशी काम झालं, तर ३७ वेळा वादी-प्रतिवादी गावाहून आले आणि फक्त पुढची तारीख घेऊन गेले. हा आकडा कुठल्याही विवरणपत्रात मागितला जात नाही. आमच्या मते सगळ्यात आधी हाच मागायला हवा.

‘वेळेअभावी’ आणि ‘न्यायाधीश उपलब्ध नाहीत’ या दोन खुणा प्रामाणिकपणे भरणं महत्त्वाचं. सवयीने सगळा दोष वकिलांच्या मुदत अर्जावर जातो. रोजनामा नीट वाचला की कळतं, पुष्कळ मुदत अर्ज मंजूर होतात कारण बोर्डावर त्या कामाला जागाच नसते. वकिलालाही ते माहीत असतं, म्हणून तो साक्षीदाराला घेऊनच येत नाही. साक्षीदार आला नाही म्हणून तारीख पडते, आणि तारीख पडणारच म्हणून साक्षीदार येत नाही. हे चक्र कुठेतरी आपल्या बाजूनेच तोडावं लागतं.

बजावणी आणि वारस

सगळ्यात जास्त दिवस खाणारा आणि सगळ्यात कमी खर्चात सुधारणारा टप्पा म्हणजे समन्स. आदेश झाल्यापासून समन्स पक्षकाराच्या हातात पडेपर्यंतचे दिवस चार तुकड्यांत मोजा: आदेश ते भत्ता, भत्ता ते समन्स तयार, समन्स ते नाझर (बजावणीचं काम बघणाऱ्या) विभागातून बेलीफकडे वाटप, वाटप ते अहवाल. बहुतेकांना शेवटच्या तुकड्यावर संशय असतो. मोजल्यावर पहिले दोन मोठे निघतात.

भत्त्यासाठी पुढची तारीख द्यायचीच नाही. आदेशातच सात दिवसांची मुदत लिहायची आणि आठव्या दिवशी कार्यालयाने शेरा मारायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ९ नियम ५ आहेच: समन्स बजावणीविना परत आल्यावर सात दिवसांत वादीने नवं समन्स मागितलं नाही, तर त्या प्रतिवादीविरुद्धचा दावा काढून टाकता येतो. दावा काढून टाकणं हा हेतू नाही. कार्यालय तारखेवर लक्ष ठेवून आहे हे कळलं तरी भत्ते वेळेवर यायला लागतात.

बेलीफच्या अहवालाचं एक उदाहरण पुरेसं आहे. ‘घरी मिळून आले नाहीत’ एवढंच लिहिलेला अहवाल कोर्टाच्या कामाचा नाही. आदेश ५ नियम १७ प्रमाणे नीट शोध घेऊनही माणूस सापडला नाही तर समन्सची प्रत घराच्या दारावर ठळक जागी चिकटवायची, आणि अहवालात कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कुणी दाखवलं, कुणासमोर चिकटवली, त्यांचं नाव-पत्ता लिहायचा. एवढं आलं की न्यायाधीशांना बजावणी पुरेशी आहे की नाही हे त्याच दिवशी ठरवता येतं. नाहीतर आणखी एक समन्स, आणखी दोन महिने. छापील अहवालाखाली या चार गोष्टींचे चार रिकामे रकाने टाकले तर ते भरले जातात. घरातल्या प्रौढ माणसाने समन्स घेतलं असेल तर त्याचं नातं लिहायचं. नोकर हा कुटुंबीय धरला जात नाही. एनस्टेप या प्रणालीमुळे बेलीफच्या फोनवरून जागेची आणि वेळेची नोंद होते, फोटोही जोडता येतो. पण चार रकाने रिकामे ठेवून नुसता बंद दाराचा फोटो जोडला तर तो ‘घरी नाही’ इतकाच निरुपयोगी.

गावांची वाटणी दिशेनुसार करावी. एका बेलीफला एका दिवशी चार दिशांची चार गावं दिली की दोनच होतात. शेतीच्या हंगामात माणसं सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच घरी भेटतात, हे लक्षात घेऊन फेरी आखावी लागते.

वारसांच्या बाबतीत आदेश २२ नियम १०-अ हा सगळ्यात कमी वापरला जाणारा नियम. पक्षकार मयत झाल्याचं कळलं की त्याच्या वकिलाने कोर्टाला कळवायचं असतं. वारस लावण्याची मुदत मृत्यूपासून ९० दिवस. ती गेली की त्या पक्षकारापुरता दावा रद्द होतो आणि ते रद्द होणं बाजूला सारून घ्यायला पुढचे ६० दिवस. तेही गेले की उशीर माफी आणि प्रत्येक अर्जावर म्हणणं, युक्तिवाद, आदेश. म्हणून ज्या दाव्यात पक्षकार साठीच्या पुढचे आहेत, तिथे दर सहा महिन्यांनी ‘सर्व पक्षकार हयात आहेत’ अशी पुरसीस (वकिलाचं लेखी निवेदन) मागण्याचा उपाय आम्हाला पटला. दोन ओळींची पुरसीस वर्ष वाचवते.

मोजणीच्या कमिशनबद्दल थोडक्यात: आदेशात फी भरण्याची तारीख, पत्र जाण्याची तारीख आणि अहवालाची तारीख अशा तिन्ही लिहा, आणि स्मरणपत्रांची वेगळी वही ठेवा. ‘अहवालाची वाट’ हे कारण ज्या फायलीवर सलग तीनदा आलं, ती यादी महिन्यातून एकदा एकत्र पाठवली की उत्तर येतं. सुटी सुटी पत्रं आवक विभागात हरवतात.

बोर्ड

इथे वेळ मिनिटांत मोजायला हवा. एक आठवडा लघुलेखकाने प्रत्येक प्रकरणाची सुरू आणि संपण्याची वेळ कागदाच्या कडेला टिपायची. दुसरं काही लागत नाही.

हिशेब असा मांडा. बोर्डावर ९० प्रकरणं. पुकारा, हजेरी, अर्ज घेणं, तारीख देणं याला सरासरी दीड मिनिट धरलं तरी १३५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. न्यायासनावरचा वेळ पाच तास धरला तर पुराव्याला १६५ मिनिटं उरतात. एक उलटतपासणी ५० ते ६० मिनिटांची. म्हणजे तीन साक्षीदार. आणि बोर्डावर पुराव्याला नेमलेली प्रकरणं असतात बारा. नऊ परत जाणार हे सकाळी अकराला, पुकारा सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. नेमलेल्या दिवशी पुरावा होण्याची खात्री किती, हे काढायचं असेल तर पुरावा खरोखर नोंदवला गेलेल्या प्रकरणांना नेमलेल्या प्रकरणांनी भागायचं. इथे बारापैकी तीन, २५ टक्के.

उपाय सरळ आहे, पण पहिले दोन महिने जड जातो. पुराव्याला रोज चारच प्रकरणं नेमायची. चार, कारण एखाद्यात काहीतरी अडणारच. वकील आणि पक्षकार सुरुवातीला विश्वास ठेवत नाहीत, साक्षीदार न घेता येतात, आणि दुपार रिकामी जाते. त्या आठवड्यांत धीर सोडून पुन्हा बारा नेमले तर सगळं मुसळ केरात. नेमलेल्या दिवशी साक्ष होतेच हे चार-सहा वेळा दिसलं की मुदत अर्ज आपोआप कमी होतात.

सरतपासणीचं शपथपत्र सुनावणीच्या निदान आठ दिवस आधी दाखल करून समोरच्याला प्रत द्यायची अट आदेशातच घाला, म्हणजे ‘आज प्रत मिळाली’ हे कारण उरत नाही. समन्सची आणि पक्षकाराने पुढची पायरी उचलायची बाकी असलेली प्रकरणं जेवणाच्या सुटीआधी, पुरावा आणि युक्तिवाद नंतर, आणि हे बोर्डावर लिहून लावा. पहिल्या एसटीने येऊन साडेचारपर्यंत व्हरांड्यात बसलेल्या साक्षीदाराला निदान कळतं की त्याला किती वाजता यायचं आहे.

फायलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवायची: वादीच्या मुदती, प्रतिवादीच्या मुदती, प्रत्येकी तीन चौकोन. आदेश १७ प्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती द्यायच्या नाहीत. ही मर्यादा सगळ्यांना माहीत आहे, पण शंभर पानांच्या रोजनाम्यातून त्या कोण मोजणार? चिठ्ठीवर तीन चौकोन भरलेले दिसले की चौथा अर्ज करणाऱ्याला कारण द्यावं लागतं. कैफियतीसाठीही तसंच: समन्स लागल्याची तारीख, ३० वा दिवस, ९० वा दिवस आधीच लिहून ठेवायचे. व्यापारी दाव्यांत १२० दिवसांनंतर कैफियत घेताच येत नाही, तिथे तर चिठ्ठी हवीच.

न्यायाधीश रजेवर असले की प्रभारींपुढे अख्खा बोर्ड जातो आणि सगळ्या प्रकरणांना सोयीसाठी एकच तारीख पडते. मग त्या दिवशी बोर्डावर १८० प्रकरणं येतात आणि तीही वाया जातात. रजेच्या दिवसाच्या तारखा किमान पाच दिवसांवर पसरवायच्या आणि पुराव्याची प्रकरणं सगळ्यात जवळच्या तारखांना द्यायची.

फौजदारी बाजूला सगळ्यात आधी तुरुंगातले आरोपी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हुसेन प्रकरणात सांगितलं आहे की आरोपी कोठडीत असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढचा खटला साधारण सहा महिन्यांत आणि सत्र खटला दोन वर्षांत संपावा. ही यादी वयाच्या यादीत मिसळू नये, वेगळी आणि सगळ्यात वर असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दोनपेक्षा जास्त तहकुबी न देण्याची आणि युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकालाची तरतूद आहे. पण खटला अडतो तो बहुतेकदा पंच, बदलून गेलेला तपास अधिकारी आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल यांच्यापाशी. पोलीस ठाण्याच्या पैरवी अंमलदाराबरोबर (कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलिसाबरोबर) आठवड्यातून एकदा पुढच्या पंधरवड्याचे साक्षीदार बसून तपासले की निम्मी अडचण आधीच कळते. फरारी आरोपींची प्रकरणं चालू बोर्डातून वेगळी काढावीत, पण वॉरंटचा पाठपुरावा वहीत चालू ठेवावा, नाहीतर ती कायमची झोपतात.

आकडे फसवतात तेव्हा

कुठलंही एकच माप लावलं की काम त्याच्याकडे झुकतं. निकाली संख्येवर भर दिला की सोप्या फायली उचलल्या जातात आणि जुना वाटपाचा दावा मागे राहतो. गैरहजेरीत काढून टाकलेला दावा निकालीत मोजला जातो. तो परत लावून घेण्याचा अर्ज नवीन दाखल म्हणून मोजला जातो, त्याचा निकाल पुन्हा निकालीत, आणि मूळ दावा जिथे होता तिथेच. म्हणून गैरहजेरीतल्या निकालांपैकी सहा महिन्यांत किती परत लागले, हे शेजारच्या रकान्यात हवंच. राष्ट्रीय लोक अदालतीतही कोर्टात दाखल झालेली प्रकरणं आणि दाखलपूर्व वसुलीची प्रकरणं वेगळी मोजायला हवीत. दाखलपूर्व प्रकरणं कितीही मिटली तरी कोर्टाची शिल्लक त्यातून एकानेही घटत नाही.

युक्तिवाद संपल्यापासून निकालापर्यंतचे दिवसही मोजा. दिवाणीत आदेश २० प्रमाणे ते ३०, अपवादाने ६०. तसंच नक्कल अर्जापासून नक्कल मिळेपर्यंतचे दिवस. नक्कल उशिरा मिळाली की पक्षकाराचं पुढचं सगळं काम थांबून राहतं.

आणि दरखास्ती. हुकूमनामा मिळाला म्हणजे शेत मिळालं असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात दरखास्त सहा महिन्यांत संपवण्याचं सांगितलं. २०२५ मध्ये देशभरातले आकडे मागवले तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित निघाल्या, आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या सर्वाधिक, ३ लाख ४० हजारांहून अधिक. दावा निकाली निघाला म्हणून ज्याची नोंद एका रकान्यात यश म्हणून झाली, तोच माणूस दुसऱ्या रकान्यात वर्षानुवर्षं उभा आहे. दाव्याचं वय मोजताना म्हणूनच दरखास्तीचं वय त्याला जोडून मोजावं: दावा दाखल झाल्यापासून ताबा मिळेपर्यंत. दरखास्तीतही वेळ जातो तो नोटिशीत, वारसांत आणि मोजणीत, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच जागी. वाटपाच्या हुकूमनाम्यात सरकारला सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, त्यामुळे फाइल महसुलाच्या टेबलावर असताना कोर्टाच्या बोर्डावर नुसती ‘अहवालाची वाट’ लिहिली जाते. तिथेही सलग तीनदा तेच कारण आलेल्या फायलींची एकत्रित यादी पाठवायची.

शेवटचा कागद बदलीचा. उन्हाळ्याच्या सुटीच्या सुमारास बदल्या होतात, आणि युक्तिवाद ऐकून झालेली फाइल नव्या न्यायाधीशांपुढे पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागते. म्हणून मार्चपासूनच दोन याद्या न्यायाधीशांच्या टेबलावर असाव्यात: युक्तिवाद पूर्ण झालेली प्रकरणं, आणि उलटतपासणी अर्धवट राहिलेली. पहिली यादी सुटीआधी रिकामी करायची. दुसरीत नवीन सरतपासणी सुरू न करता आहे तेवढी संपवायची. जे उरेल त्याच्या प्रत्येक फाइलवर एक पानाची टीप: मुद्दे कोणते, साक्षीदार किती झाले, कोण उरला, कुठला अर्ज निर्णयाविना आहे, किती मुदती घेतल्या गेल्या. टीप बेंच क्लर्कने लिहायची, न्यायाधीशांनी सही करायची, आणि ती रोजनाम्याच्या वर, पहिल्या पानाला टाचायची.